वनरक्षक "जावा की" म्हणाला, तरी थांबा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. रायगड जिल्ह्यात चार एकर, त्यातलं दीड एकर भात, मागच्या बांधाला लागून जंगल, सहा ते दहा वर्षांची पोरं, दर रविवारी निसर्गशाळा. इथपर्यंत मी नुसती मान हलवत होते. मग ते वाक्य आलं, "इथला वनरक्षक ओळखीचा आहे, म्हणाला बिनधास्त जा, काही होत नाही, तरी लेखी परवानगी लागते का?" आणि मी हातातला चहा खाली ठेवला. नऊ वर्षांपूर्वी हेच वाक्य मी पालकांना छाती पुढे काढून सांगत होते.

पाणी, टोपी, फर्स्ट एड, पालकांची सही वगैरे तुम्हाला कळतं, त्यात वेळ घालवत नाही.

आमची जमीन पुण्यापासून दोनेक तासांवर, डोंगराच्या उताराला. तालुका सांगत नाही, लहान जागा आहे, लगेच ओळखतात. वरचं रान सरकारी आहे हे माहीत होतं, पण ते नेमकं कुठून सुरू होतं हे माहीत नव्हतं. मागच्या बांधापासून पन्नासेक पावलांवर दगडांचा एक बुरूज होता, चुना मारलेला, आणि तीन वर्षं तो रोज बघून मला वाटायचं कुणाच्या तरी शेताची खूण असेल. हसा खुशाल. वनहद्दीचा बुरूज होता तो. बीटचा वनरक्षक येता-जाता आमच्याकडे पाणी प्यायला थांबायचा, त्याला विचारलं तर म्हणाला, "जावा की वहिनी, पोरंच हायती, कोण इचारतंय." आम्हाला एवढं पुरलं. चार रविवारांची बॅच, डोक्याला २,४०० रुपये, १९ पोरं.

दुसरा रविवार. फेब्रुवारीचा शेवट, गवत वाळून पिवळंधमक झालेलं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात उंबराखाली बसलो होतो, पोरांनी तीन दगड मांडून चूल केली आणि मी, म्हणजे मीच, म्हटलं चला गवती चहा करू. पातेलं चढवलं, धूर वर गेला आणि वीस मिनिटांत खाली वनखात्याची जीप थांबली. फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा काळ, खात्याची माणसं जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढून काढून वैतागलेली असतात, नजर सगळी धुरावर, आणि आम्ही बरोब्बर धूरच केला. साहेब नवीन होते. परवानगी विचारली. मी म्हटलं वनरक्षकांना विचारलंय. त्यांनी त्याला फोन लावला, तो आला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "न्हाय साहेब, म्या असं काय बोललो न्हाय."

त्याचा मला आजही राग नाही. त्याची नोकरी होती ती. तोंडी शब्दावर १९ पोरं घेऊन वर गेले ती मी.

साहेब ओरडले वगैरे नाहीत, पण सगळ्यांची नावं लिहून घेतली, चूल विझवून फोटो काढला, जबाब झाला. ते चालू असताना एक पोरगा, सात वर्षांचा असेल, त्याने सकाळपासून गोळा केलेल्या बिया खिशातून काढून एकेक करून हळूच जमिनीवर ठेवत होता, कुणाला दिसू नये म्हणून पायाने वर माती ओढत होता. बाकी सगळं पुसट झालंय, तो पाय आठवतो.

पुढे तीन खेपा आणि शेवटी समज देऊन सोडलं. पण त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर "फॉरेस्टवाल्यांनी मुलांना अडवलं" एवढंच गेलं आणि रात्री दहापर्यंत अकरा जण बाहेर. सगळ्यांचे पैसे परत केले, झालेल्या दोन रविवारांचेसुद्धा, ४५,६०० रुपये. तो सगळा सीझन गेला.

आता खरी गंमत. म्हटलं चला, रीतसर करू. अर्ज लिहिला आणि एका कार्यालयात नेऊन दिला. (कुठलं ते विचारू नका, तिथे अजून काम पडतं.) पहिल्या टेबलाने विचारलं ही सहल आहे की शिबिर? म्हटलं दोन्ही नाही, दर रविवारी येणारी मुलं आहेत. मग शाळेचा यू-डायस नंबर? शाळा नाही हो. मग संस्था? नाही, आमचं शेत आहे. "मग तुम्ही नक्की कोण?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. दुसऱ्या खेपेला नकाशा जोडा, तिसऱ्या खेपेला हमीपत्र जोडा, चौथ्या खेपेला साहेब मीटिंगला, पाचव्या खेपेला हे आमच्याकडे नाही वरच्या कार्यालयात, वरच्यांनी सांगितलं खालून शिफारस येऊ द्या. असे सात महिने. शेवटी वैतागून माहितीच्या अधिकारात विचारलं की माझ्या अर्जाचं काय झालं. तीस दिवस संपता संपता उत्तर आलं, "सदर अर्ज कार्यालयात आढळून येत नाही."

आणि मी काही करू शकत नव्हते, कारण माझ्याकडे पोच नव्हती. हातात दिला होता ना, बाबू म्हणाला "ठेवा मॅडम, मी टाकतो आवकला", आणि मी ठेवला. वनरक्षकाच्या बाबतीत जे केलं तेच पुन्हा, फक्त खुर्चीवरच्या माणसाशी. म्हणून हात जोडून सांगते, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तो चिडला तरी चालेल. शिक्का नसेलच मिळत तर सरळ स्पीड पोस्टाने पाठवा. सात महिने मी ज्या कागदामागे धावले तो त्यांच्या हिशेबी कधी आलाच नव्हता.

तुम्ही जर्मनीतल्या वनशाळांचे व्हिडिओ टाकलेत, पोरं पावसात झाडावर चढतायत वगैरे. छानच आहेत. पण एक लक्षात घ्या, तिकडे करमणुकीसाठी जंगलात पायी जायचा हक्क कायद्यातच आहे, जंगल कोणाच्या का मालकीचं असेना. आपल्याकडे गणित उलटं. आपला भारतीय वन कायदा १९२७ चा, इंग्रजांनी लाकूड राखायला केलेला, त्यात राखीव वनात विनापरवाना शिरणं हाच कलम २६ खाली गुन्हा. विस्तव पेटवणं तर आहेच, आणि पोरांनी खिशात भरलेल्या बियासुद्धा कागदोपत्री वनोपज. त्यामुळे तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलून इकडच्या राखीव वनात लावली की त्या व्हिडिओंत न दिसणारी सगळी कागदपत्रं आपल्या अंगावर येतात. मी वकील नाही, तालुक्यागणिक माणसं आणि नियम दोन्ही बदलतात, तुमच्याकडे कदाचित आठवड्यात पत्र मिळेलही, मिळालं तर मला आनंदच आहे.

आता तुमच्यासाठी. पहिलं पोर यायच्या आधी गाव नकाशा काढा आणि आपल्या बांधापलीकडचा गट नंबर कोणाच्या नावावर आहे ते बघा. राखीव वन, गायरान, मालकी, प्रत्येकाचं दार वेगळं. तुम्ही रायगडात आहात म्हणून मुद्दाम सांगते, स्वतःच्या सातबाऱ्यावरचे शेरेही नीट वाचा. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्यामुळे ठाणे-रायगडकडे कितीतरी मालकीच्या जमिनींवर वनाची नोंद आहे आणि लोकांना ती विकायच्या वेळेलाच कळते. अभयारण्याची हद्द जवळ असेल तर विषयच वेगळा, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, त्यात मी बोलत नाही.

आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर सगळ्यात चांगलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्या जंगलाची राखण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे येतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला, ते नाव तुम्ही ऐकलं असेल. अशा गावात आधी ग्रामसभेत जाऊन बसा, गावातली पोरं फुकट घ्या, वाडीवरच्या एखाद्या जाणत्या आजीला मानधन देऊन रानभाज्या दाखवायला बोलवा. मग ठराव मागा. ठरावाची प्रत घ्या (परत तेच). पण ठराव मिळाला म्हणजे वनखात्याला कळवायचं नाही असं नाही, त्यांना पत्राने कळवून ठेवा.

पण माझं खरं मत विचाराल तर, आणि यावर इथे बऱ्याच जणांशी माझं वाजलंय, जंगल लागतच नाही. त्या वर्षानंतर आम्ही बुरुजाच्या वर एकदाही मुलं नेली नाहीत. शेताच्या कोपऱ्यात ओढ्याकडची अकरा गुंठे जागा होती, खडकाळ, नांगर न चालणारी, ती तशीच सोडून दिली. कापायचं नाही, जाळायचं नाही, साफ करायचं नाही. चार पावसाळ्यांत करवंद, घाणेरी, भोकर, पळसाची रोपं सगळं आपापलं आलं. घाणेरी काढावी लागते नाहीतर ती सगळंच खाते, ते काम पालकांना देते, फिटनेस होतो त्यांचा.

मोठ्या पडक्या दगडाच्या आडोशाला, जिथे पाऊस लागत नाही, तिथल्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे असतात बघा, मुंगी घसरली की तळातून किडा वाळू उडवून तिला खाली ओढतो. मागच्या डिसेंबरात एक मुलगी त्याच्यासमोर पालथी पडून होती, मी घड्याळ लावलं, बेचाळीस मिनिटं. मधे एकदा उठून मला सांगून गेली की मोठ्या मुंगळ्याला तो घाबरतो, खड्डा मोडला तरी बाहेर येत नाही. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. आणि त्याला आपल्याच शेतातला एक दगड पुरला.

शिवाय भात आहे तुमच्याकडे, मग काय हवं. राब, चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी, पूर्ण वर्षाचा अभ्यासक्रम आहे तो. फक्त चिखलात उतरवताना पायाला जखम असलेलं पोर बाहेर ठेवा, लेप्टो (चिखलपाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) हा विषय हसण्यावारी नेऊ नका. आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही हो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा म्हणायचे तिला. गुरं चरतायत आणि पोरं तिथेच शिकतायत. दीडशे रुपयांची लाकडी भिंगं आणि लॅमिनेट केलेली पक्ष्यांची कार्डं विकत घ्यायच्या आधी ते वाचा. (कार्डं घेऊच नका. पोर कार्डाकडे बघतं, पक्षी उडून जातो.)

अजून सुटंसुटं, आठवेल तसं:

कुंपणाला चंद्रज्योत असेल, काही लोक मोगली एरंड म्हणतात, तर उपटून टाका. तिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, पोरं मिटक्या मारत खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी अख्खी बॅच दवाखान्यात. आपल्याकडे शाळांमधून हे पुन्हा पुन्हा घडतं. गुंजांच्या माळा नकोत, बिब्ब्याच्या झाडाखाली बसणं नको. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळल्या की वाऱ्यानेसुद्धा कुसं उडतात. लागली तर चोळू देऊ नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग पाणी.

सापाला सगळे घाबरतात, मी आग्या मोहोळाला जास्त घाबरते. उंच झाडाला किंवा कड्याला पोळं दिसलं की त्या बाजूचा कार्यक्रम रद्द, चर्चा नाही. सेंट लावून आलेल्या पालकाला गोठ्यापाशीच थांबवा. आणि सापाचं म्हणाल तर, जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचं औषध आहे का आणि रविवारी डॉक्टर असतो का हे आधी स्वतः जाऊन बघून या, फोनवर सगळे हो म्हणतात. पट्टी आवळणं, चिरा देणं, मांत्रिक, काही नाही, पोराला हलू न देता १०८ नाहीतर सरळ आपली गाडी.

मदतनीस ठेवाल त्यांची पोलीस पडताळणी करा, ओळखीचा असला तरी. शू-शीला एकटा मोठा माणूस एकट्या पोराबरोबर जाणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात नोंदणी होत असेल तर करून टाका. निदान "तुम्ही नक्की कोण?" याला दाखवायला एक कागद होतो. मी हे फार उशिरा केलं.

बॅच बाराच्या वर नेऊ नका. १९ होती तेव्हा मी फक्त मोजत होते.

मेच्या शेवटी काजव्यांसाठी पालक मागे लागतील, रात्रीचं वर जंगलात नेऊ नका, ओढ्याकाठी आपल्याच हद्दीत दिवे मालवून बसा, दिसतात. नकाशा काढलात की गट नंबर न लिहिता नुसता फोटो टाका, बुरूज कुठे असेल ते अंदाजाने सांगते. जूनच्या आधी टाका मात्र, लावणी उरकेपर्यंत मी इथे फिरकत नाही.