लाल चोचीचा पाहुणा

प्रश्न : चिपळूणला आमच्या पडवीच्या काचेवर रात्री एक चिमुकला पक्षी आपटला. चोच लालभडक, पोट पिवळं, पाठीला जांभळट झाक. सकाळी उडून गेला. कोण असावा?

उत्तर : तिबोटी खंड्याच! पायाला तीनच बोटं, लांबी जेमतेम 13 सेंटीमीटर. हा जूनच्या सुमारास पावसाबरोबर कोकणात येतो. मोठ्या नदीवर शोधू नका. दाट झाडीतल्या पऱ्ह्यापाशी, म्हणजे लहानशा ओढ्यापाशी बघा. तिथंच मातीच्या दरडीत बीळ कोरून अंडी घालतो. पिलांना खेकडे, बेडूक, कोळी आणि सापसुरळ्या भरवतो. सापसुरळी आधी फांदीवर दाणदाण आपटतो, मगच बिळात शिरतो. बिळाच्या तोंडाशी गर्दी करणारे फोटोवाले मला मुळीच आवडत नाहीत. तुम्ही लांबून, दुर्बिणीतून बघा. आणि काचेला बाहेरून जाळी लावाच.