जुन्या डिशने महास्फोटाचा प्रकाश मोजता येईल का?

कळव्याच्या अकरावीतल्या एका मुलीने विचारलंय, की गच्चीवर पडून असलेली टीव्हीची डिश वापरून विश्वाच्या सुरुवातीचा प्रकाश, म्हणजे सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी, मोजता येईल का. बाळा, तो प्रकाश आत्ताही तुझ्या डिशवर पडतोय. अडचण आहे ती त्याला बाकीच्या गोंगाटातून वेगळं काढण्याची.

वर्तकनगरच्या आमच्या गच्चीवर मी हे करून पाहिलंय. डिश बसवणारे सिग्नल शोधायला जो काट्याचा मीटर वापरतात, तो एलएनबी (डिशच्या तोंडापुढचा, सिग्नल पकडून वाढवणारा डबा) आणि सेटटॉप बॉक्स यांच्यामध्ये जोडायचा. डिश येऊरच्या डोंगराकडे वळवली की काटा वर चढतो. उपग्रह नसलेल्या मोकळ्या आकाशाकडे फिरवली की सरसर खाली येतो. वस्तू जितकी गरम, तितक्या जास्त सूक्ष्मलहरी ती सोडते. डोंगर सुमारे ३०० केल्विनचा (केल्विन म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं तापमान), आकाश त्यामानाने फारच थंड. पण त्या थंड आकाशात आपल्याला हवा तो वाटा जेमतेम २.७ केल्विन, आणि एलएनबीचा स्वतःचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट. वर आपल्याकडची खाडीची दमट हवा.

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांपुढे हाच पेच होता. शिंगाच्या आकाराच्या अँटेनात सुमारे साडेतीन केल्विन जास्तीचे येत होते आणि कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. अँटेनात कबुतरांनी केलेल्या विष्ठेवर त्यांनी आधी संशय घेतला, सगळीकडे तीच गोष्ट सांगतात. मला मात्र त्यांनी तुलनेसाठी ठेवलेला द्रव हेलियमचा थंड संदर्भ जास्त मोलाचा वाटतो. त्याचं तापमान पक्कं माहीत होतं, म्हणूनच उरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता आला. दिशा बदलली, ऋतू बदलला, तरी तो आकडा हलेना.

हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं आणि ३००० केल्विन तापलेलं होतं. इलेक्ट्रॉन अणूंत बांधले गेले आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली. तेव्हापासून विश्व पसरत गेलं तसा तो सुमारे ११०० पट ताणला गेलाय, म्हणून आता २.७ केल्विनच उरलाय. त्यातले लाखात एक इतके बारीक चढउतार कोबे उपग्रहाच्या मोजणीतून १९९२ मध्ये दिसले. दीर्घिकांचं बीज त्यांतच आहे. ते गच्चीवरून दिसणार नाहीत.

तुला करता येईल ते असं. डिसेंबरात, हवा कोरडी असताना, इमारत किंवा डोंगर आड न येणारी दिशा निवड. डिशचा रोख आधी थेट डोक्यावर, मग ६०, ४५, ३० अंशांवर आण आणि दर वेळी काटा कुठे आहे ते वहीत लिही. ३० अंशांवर हवेचा थर डोक्यावरच्या दुप्पट होतो, म्हणून काटा थोडा चढेल. ती वाढ हवेची. पेन्झियस आणि विल्सन यांनीही हवेचा वाटा याच युक्तीने वजा केला होता.