८ इंची सबच्या जागी १२ इंची: घेण्याआधी हॉलचं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ बाय ११ फुटांचा हॉल, ५.१ चा रिसीव्हर, सेटसोबत आलेला ८ इंची सबवूफर. सिनेमात स्फोट झाला की आवाज घुमतो पण अंगावर येत नाही, आणि तबल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये डग्ग्याचा प्रत्येक ठोका एकाच सुरात वाजल्यासारखा वाटतो. तर १० इंची पुरेल की १२ इंचीच घ्यावा, आणि अमेरिकेहून येणाऱ्या भावाला आणायला सांगावं का? सगळ्याचं उत्तर देतो, पण आधी तुमच्या तक्रारीचे दोन तुकडे करू या, कारण त्यांची कारणं वेगळी आहेत.

‘अंगावर येत नाही’ हे सबचं काम. ‘घुमतो, सगळे ठोके सारखे वाटतात’ हे बहुतेक खोलीचं काम. मोठा सब घेतल्यावर पहिली तक्रार मिटेल. दुसरी तशीच राहील आणि मोठ्या आवाजात वाढेल. नवीन १२ इंची घेऊन महिन्याभरात ‘फार घुमतो’ म्हणून विकायला काढणारे लोक मी बरेच पाहिलेत. त्यातल्या बहुतेकांच्या सबमध्ये काहीच खोट नव्हती.

खोलीचं गणित सोपं आहे. ५६५ ला खोलीच्या मापाने (फुटांत) भागा, की त्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये कोणता सूर अडकून घुमणार ते हर्ट्झमध्ये मिळतं. तुमच्या १४ फुटांना साधारण ४०, ११ फुटांना ५१, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर ५९ हर्ट्झ. म्हणजे ४० ते ६० या छोट्याशा पट्ट्यात तीन सूर खोलीच फुगवते. डग्ग्याचा घुमारा, बेस गिटारचे खालचे स्वर, सिनेमातला धमाका, सगळ्यांचा बराचसा भाग याच पट्ट्यात किंवा याच्या आसपास येतो. वाजवणारा काहीही वाजवो, खोली आपले तीन सूर लांबवत राहते. हॉल डायनिंगकडे उघडा असेल तर आकडे थोडे सरकतील, पण चित्र हेच राहील.

आपल्याकडे हे जास्त जाणवतं. अमेरिकेतली घरं बरीचशी लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली असतात. त्या भिंती थोड्या हलतात, आणि खालच्या सुरांची काही ऊर्जा त्यांतच खर्ची पडते, काही आरपार निघून जाते. आपल्या विटा, काँक्रीट आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, यातलं काहीच हलत नाही. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओंमध्ये ‘अमुक सब अगदी घट्ट वाजतो’ असं ऐकलेलं इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. त्यात आपला सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, आणि भिंतीलगत हे सगळे सूर सर्वांत मोठे ऐकू येतात. वर सब कोपऱ्यात ढकललेला, म्हणजे तिन्ही सुरांना एकदम फूस. पडदे, गालिचा किंवा अंड्याच्या ट्रेसारखा फोम लावून यावर काही होत नाही. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. दोन इंची फोम तिला दिसतही नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक रविवार जागेसाठी द्या. आहे तोच ८ इंची सब उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा. बेस गिटार पायरीपायरीने वर चढते असं एखादं गाणं लावा, किंवा २० ते १०० हर्ट्झचा सावकाश चढणारा सूर. मग जिथे जिथे सब ठेवणं घरात चालण्यासारखं आहे, तिथे तिथे गुडघ्यावर बसून, कान सबच्या उंचीला आणून ऐका. जिथे सगळे स्वर साधारण सारख्या जोराचे लागतात, ती जागा. ‘जिथे सगळ्यात जास्त धम्म होतं’ ती नव्हे, लोक इथेच फसतात. तुमच्या हॉलमध्ये लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर आवर्जून ऐका. १४ फुटांच्या दिशेचा ४० हर्ट्झचा सूर तिथून सर्वांत कमी चिथावला जातो. टीव्हीखालचा कोपरा सोडवत नाही म्हणून ही जागा न बघताच सोडू नका. आणि सोफा भिंतीपासून एक-दीड फूट जरी पुढे येत असेल तर आणा.

जागा ठरली की रिसीव्हरमध्ये जा. सगळे स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे त्यांचे खालचे सूर सबकडे जातात), क्रॉसओव्हर, म्हणजे ही वाटणी जिथे होते तो आकडा, ८० हर्ट्झ. समोरचे स्पीकर अगदीच छोटे सॅटेलाइट असतील तर १०० किंवा १२०. एलएफई म्हणजे सिनेमातलं फक्त खालच्या सुरांचं वेगळं चॅनेल, ५.१ मधलं ‘पॉइंट वन’. त्याचा लो-पास (ठरलेल्या आकड्याच्या वरचं कापणारा फिल्टर) १२० वर ठेवा, कारण ते चॅनेल तिथपर्यंतच असतं. सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा खटका पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर न्या, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि मधला भाग खाल्ला जातो. ‘एलएफई प्लस मेन’ (तेच खालचे सूर सब आणि समोरचे स्पीकर दोन्हींतून वाजवणारी सोय) बंद करा. ऑटो-कॅलिब्रेशन (रिसीव्हर माइकने खोली मोजून स्वतः आकडे लावतो ते) चालवताना माइक सोफ्याच्या पाठीवर न ठेवता कॅमेऱ्याच्या स्टँडवर, कानाच्या उंचीला लावा, पंखा आणि एसी बंद करा, फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना सुरू करा. नंतर सबचं अंतर खऱ्या अंतरापेक्षा जास्त दाखवत असेल तर ‘दुरुस्त’ करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

हे सगळं करून डग्गा सुटा-सुटा ऐकू यायला लागला, तर अर्धी लढाई फुकटात झाली. उरलं ते अंगावर येण्याचं, आणि तिथे ८ इंची खरोखर कमी पडतो. त्याबद्दल आडवळणाने बोलण्यात अर्थ नाही.

सबचं काम म्हणजे हवा हलवणं. एक सप्तक खाली उतरून, म्हणजे ४० वरून २० हर्ट्झवर, तेवढाच आवाज हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. ८ वरून १० इंचीवर गेलात तर सबच्या पडद्याचं (पुढच्या हलणाऱ्या कोनचं) क्षेत्रफळ दीडपटीच्या थोडं वर जातं. १२ इंचीवर गेलात तर सव्वादोनपट, शिवाय चांगल्या १२ इंचीचा पडदा मागेपुढेही जास्त सरकतो. वॉट दुप्पट केल्याने मात्र जेमतेम ३ डेसिबल मिळतात. म्हणून १० इंचीवर पैसे घालू नका. तो बदल इतका लहान आहे की सहा महिन्यांत पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल. घ्यायचा तर १२ घ्या, नाहीतर आहे तो वापरा आणि पैसे साठवा.

किती आवाज लागतो याचाही अंदाज असू द्या. सिनेमाच्या संदर्भ पातळीवर (थिएटरसाठी ठरलेल्या आवाजाला) एलएफईची शिखरं ११५ डेसिबलपर्यंत जातात. घरी कोणी तितकं लावत नाही. फ्लॅटमध्ये १५-२० डेसिबल खालीच बहुतेक सिनेमे पाहिले जातात. तरी शिखरं ९५-१०० च्या घरात राहतात, आणि तेवढं २५ हर्ट्झला स्वच्छ देणं सेटसोबतच्या ८ इंची सबच्या आवाक्याबाहेरचं आहे. तो तिथे नुसती घरघर करतो.

दुकानात पेटीवर जे छापलेलं असतं त्यातलं पीएमपीओ (जाहिरातीपुरता फुगवलेला वॉटचा आकडा) पूर्ण विसरा, त्याला मापन म्हणायचं कारण नाही. आरएमएस (सलग देता येणारे वॉट) बघा. ‘२० हर्ट्झपर्यंत’ असं लिहिलं असेल तर सोबत ‘उणे-अधिक ३ डेसिबल’ (त्या पट्ट्यात आवाज किती वर-खाली होतो ते) आहे का ते बघा, नसेल तर त्या आकड्याला किंमत नाही. मिळालं तर सीटीए-२०१० या सब मोजायच्या प्रमाणित पद्धतीने केलेलं मोजमाप शोधा. २०, २५, ३१.५ हर्ट्झला सब किती डेसिबल स्वच्छ देतो हे त्यात दिलेलं असतं, आणि दोन सबची खरी तुलना होते ती तिथेच.

सील्ड (पूर्ण बंद पेटी) की पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेली)? पोर्टेड पेटी मोठी असते, २० ते ३० च्या पट्ट्यात जास्त जोर देते, आणि ट्यूनिंगच्या (ते भोक ज्या सुराला जुळवलंय त्याच्या) खाली सप्तकाला २४ डेसिबलने कोसळते. सील्ड लहान असते, लवकर उतरायला लागते पण सावकाश, सप्तकाला १२ डेसिबलने. बंद, काँक्रीटच्या छोट्या खोलीत तुमच्या ४० हर्ट्झच्या खाली खोली स्वतः आवाज वाढवायला लागते, आणि सील्डचा उतार त्यातून बऱ्यापैकी भरून निघतो. तुमचा हॉल लहान, ऐकणं अर्धं शास्त्रीय संगीत, खाली-वर शेजारी. मी सील्ड १२ इंची घेईन. एसव्हीएस कंपनीचा एसबी-१००० प्रो हे याचं चांगलं उदाहरण: १२ इंच, ३२५ वॉट आरएमएस, आणि फोनवरच्या ॲपमधून तीन ठिकाणी इक्वलायझर (ठरावीक सूर कमी-जास्त करणारा) लावता येतो. तुमचे ४० आणि ५१ चे फुगवटे दाबायला हीच सोय कामाची. त्याच मालिकेतला पीबी-१००० प्रो पोर्टेड आहे. हॉलला दारच नसेल, तो डायनिंग-किचनला मोकळा असेल आणि घरात मुख्यतः सिनेमेच चालत असतील तर त्याचा विचार करा. पण पेटीचं माप आधी घरच्यांना दाखवा, जमिनीवर कागदी टेपने आखून. दुकानात ती लहान दिसते.

आता माझं खरं म्हणणं. एका मोठ्या सबपेक्षा दोन मध्यम सब तुमच्या खोलीसाठी चांगले. हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला, की आयताकृती खोलीत किती सब पुरतात. निष्कर्ष असा की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले तरी बैठकीच्या जागांमधला फरक खूप कमी होतो. कारणही समजण्यासारखं आहे. एक सब जो सूर एका बाजूने ढकलतो, दुसरा तोच सूर समोरून ढकलून खोडतो. म्हणजे जे काम इक्वलायझर एकाच खुर्चीसाठी करतो, ते दोन सब अख्ख्या सोफ्यासाठी करतात. आई कोपऱ्यात बसते आणि तिलाच सगळ्यात जास्त धडधड होते, हे घरोघरी होतं, त्यावर हाच उपाय. तेव्हा आज एक घ्या, पुढच्या दिवाळीला तसाच दुसरा. जुना ८ इंची मात्र त्याच्या जोडीला लावू नका. तो खालच्या सुरांना दमतो आणि नवीन सबलाही त्याच्या पातळीवर अडकवतो. बेडरूमच्या टीव्हीला द्या किंवा विकून टाका.

पुढे हौस वाढली तर यूमिक-१ हा मोजमापाचा माइक आणि रूम इक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यावर खोलीचा आलेख घरी काढता येतो. एकदा तो आलेख पाहिला की ‘कोणता सब’ हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

भावाकडून मागवण्याबद्दल: सबच्या मागच्या पट्टीवर काय छापलंय त्यावर सगळं अवलंबून आहे. ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर वायर बदलून चालेल. नुसतं ११५ किंवा १२० असेल तर आपल्या २३० वर तो पहिल्याच मिनिटाला जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो पुरेशा क्षमतेचा हवा, तो स्वतः गुणगुणतो, आणि वॉरंटी इथे सहसा चालत नाही. सबच्या आतला अँप (ॲम्प्लिफायर) बिघडला तर सुटा भाग पुन्हा भावालाच आणायला सांगावा लागेल. फरक फार मोठा नसेल तर इथल्याच अधिकृत विक्रेत्याकडून घ्या.

(हे वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमचा सेट ‘होम थिएटर इन अ बॉक्स’ किंवा साउंडबार असेल तर हे सगळं लागू होत नाही. त्यातल्या सबला अँप नसतो किंवा तो फक्त आपल्याच बारशी वायरलेसने जोडला जातो. मागे ‘सब प्री-आउट’ नावाचं (बाहेरच्या सबला सिग्नल देणारं) एक आरसीए भोक आहे का ते आधी बघा. नसेल तर सब बदलण्यापेक्षा साध्या रिसीव्हरपासून सुरुवात करणं स्वस्त पडतं.)

नवीन सब आल्यावर पहिल्या दिवशी घरातल्या वस्तू वाजतील. २० ते ८० हर्ट्झचा सूर सावकाश फिरवा आणि एकाला घरभर फिरायला सांगा: सरकत्या खिडक्या, शोकेसच्या काचा, पीओपीतले दिवे, स्टीलचे डबे. यातल्या बहुतेकांना फेल्टचा तुकडा पुरतो, आणि तो लावल्यावर ‘सब फाटतोय’ असं वाटणारा निम्मा आवाज गायब होतो. सतत ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. ती काढल्यावर थांबली तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याचा, ‘ग्राउंड लूप’) आहे, त्या वायरीवर आयसोलेटर लावा. प्लगची अर्थची पिन कापू नका, कोणीही सांगितलं तरी.

शेजाऱ्यांसाठी सबखाली रबरी पाय किंवा फोमचा पाट लावा. स्लॅबमधून जाणारा हादरा त्याने कमी होतो, हवेतून जाणारा आवाज होत नाही. रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड लावा आणि सब ४-५ डेसिबल उतरवा. खालच्या सुरांत एवढ्या फरकानेही आवाज बराच उतरलेला वाटतो.

रिसीव्हरचं मॉडेल, छताची उंची आणि हॉलचा हाताने काढलेला नकाशा (दार, खिडकी, सोफा, टीव्ही) इथे टाका. कुठल्या भिंतीला पॉवर पॉइंट आहे तेही लिहा, म्हणजे पहिला सब कुठे आणि दुसऱ्यासाठी कोणती जागा आत्ताच मोकळी ठेवायची ते नेमकं सांगतो.