हास्यक्लबात नव्याने येणाऱ्यांसाठी
पहिल्या दिवशी कारणाशिवाय हसताना आपल्याला संकोच वाटेल आणि ते स्वाभाविकच आहे. म्हणून निदान पंधरा दिवस तरी आपण खंड पडू देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतील एका बागेत अवघ्या पाच जणांसह हा उपक्रम सुरू केला, तेव्हा रोज विनोद सांगितले जात. ते लवकरच संपले आणि मग टाळ्या, दीर्घ श्वसन व एकमेकांच्या डोळ्यांत पाहून हसणे ही आजची पद्धत रुजली.

माझ्या अनुभवात हसण्याइतकाच लाभ त्याभोवतीच्या सवयींचा होतो: ठरावीक वेळी उठणे, कोवळ्या उन्हात बागेपर्यंत चालत जाणे आणि शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीची नावानिशी विचारपूस करणे. पत्नीच्या निधनानंतर मला सावरले ते मुख्यतः या विचारपुशीने. सकाळी वेळेवर उठता यावे म्हणून रात्री मोबाइल उशापासून दूर ठेवावा. हर्निया, उच्च रक्तदाब असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असल्यास जोरात हसण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावेत. तोपर्यंत नुसते हलके स्मित करीत वर्तुळात उभे राहिले तरी चालते.