नम्रता नक्की कुणाची हवी आहे?

ताई,

सहा वर्षं ज्या मुलीला तुम्ही बायबलचं वचन शिकवलंत, चर्चच्या तरुण संघात उभं केलंत, तिने नाशिकची नोकरी तुम्हाला न विचारता घेतली. कळलं तेही उपासनेनंतर, चर्चच्या आवारात, तिसऱ्याच कुणाकडून. वाईट वाटणारच. 'ती गर्विष्ठ झालीय, तिला नम्र कसं करू?' असं तुम्ही विचारता.

मला मात्र तुमच्या पत्रातली दुसरीच एक ओळ टोचली. तिने विश्वासाने सांगितलेली घरातली भांडणं तुम्ही पाळकांच्या पत्नीला 'प्रार्थनेचा विषय म्हणून' सांगितलीत. ताई, या नावाखाली आपल्या मंडळ्यांत काय काय फिरतं, ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. हे तिच्या कानावर गेलं असेल, तर ती पुन्हा कशाला काही सांगायला येईल?

आणि तुमच्या पत्रात 'सल्ला' एकदा येतो, 'परवानगी' तीनदा. 1970 च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या पाच शिक्षकांभोवती 'शेफर्डिंग' चळवळ वाढली. प्रत्येकाला एक 'मेंढपाळ', म्हणजे आध्यात्मिक मार्गदर्शक, नेमलेला. नोकरी, लग्न, पैसा, सगळ्यात त्याचा शब्द. पुष्कळ माणसं दुखावली. त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी पुढे 1990 च्या सुमारास जाहीर माफी मागितली. सुरुवात काळजीपोटीच झाली होती, तुमची झाली तशीच.

बायबलमधल्या प्रेषित पौलाचंही बघा. सेवेच्या प्रवासात पंफुल्या प्रांतात साथ सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर न्यायला तो तयार नव्हता. त्यावरून त्याच्या सहकारी बर्णबाशी इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. (संडेस्कूलमध्ये हा भाग आपण घाईने उरकतो.) पण आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. आणि पडत्या काळात मार्काला बरोबर घेतलं होतं ते बर्णबाने, पौलाने नव्हे. पौलाला हे लिहिताना बर्णबा आठवला असेल का, असं मला नेहमी वाटतं.

ती नाशिकला जायच्या आधी तिच्या घरी जा. नोकरीचा विषय काढू नका. पाळकांच्या पत्नीला सांगितलंत ते कबूल करा आणि माफी मागा. 'माफ कर, पण...' यातला 'पण' घरीच ठेवून जा. निघताना डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थनाही नको. तसल्या प्रार्थनेत आपण देवाला कमी आणि समोरच्यालाच जास्त ऐकवतो. ती गप्प राहिली, तर चहा घ्या आणि परत या.