फॉरमॅट मारल्यावर सॉफ्टवेअर म्हणतं 'लायसन्स दुसऱ्या संगणकावर आहे': पुन्हा पैसे भरायचे का?

नाही भाऊ, पैसे भरू नका. आणि पोरगा क्रॅक (लायसन्सचं कुलूप तोडणारी चोरटी फाइल) टाकून देतो म्हणतोय, त्यालाही दोन दिवस थांबवा. तुमचं लायसन्स कुठंही गेलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की कृषी केंद्राचा कॉम्प्युटर फार हळू झाला होता, म्हणून तालुक्याहून माणूस बोलावून विंडोज नव्यानं टाकली. आता बिलिंगचं सॉफ्टवेअर 'हे लायसन्स दुसऱ्या संगणकावर वापरात आहे' म्हणतं. डबा तोच, दुकान तेच, मग हा दुसरा संगणक आला कुठून? मी यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच वर्षांपासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. पेरणीच्या तोंडावर हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण हंगामाआधी मशीन 'साफ' करून घ्यायची सगळ्यांना घाई असते.

आपण कॉम्प्युटर डब्यावरून ओळखतो. सॉफ्टवेअर तो नंबरांवरून ओळखतं. पहिल्यांदा लायसन्स चालू करताना ते मशीनचे काही नंबर टिपून कंपनीकडे पाठवतं. मदरबोर्डचा नंबर, नेटवर्क कार्डचा नंबर हे फॉरमॅटनं बदलत नाहीत. पण काही सॉफ्टवेअर सी ड्राइव्हचा व्हॉल्यूम नंबर धरतात, आणि तो नंबर फॉरमॅट मारला की नवा पडतो. डिस्क तीच, नंबर वेगळा. विंडोज स्वतःचा एक ओळख क्रमांक रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंगच्या वहीत, ठेवते, तोही नव्या विंडोजबरोबर नवा तयार होतो. त्यामुळे कंपनीच्या वहीत तुमची जुनी मशीन अजून 'चालू' दिसते आणि आजची मशीन तिला परकी वाटते. लायसन्स एकाच मशीनचं, म्हणून दार बंद. तुम्ही काही चोरी केली असा त्याचा अर्थ नाही.

माझ्या हातून हे एकदा कापसाच्या हंगामात झालं. एका जिनिंगच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता. मी रात्रीतून विंडोज टाकून दिली, प्रिंटर लावला, काट्याची केबल जोडली आणि घरी गेलो. सकाळी फोन. काट्याचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मुनीमजी मला एकच विचारत होते, "काटा तोच, मशीन तेच, मंग हे आपल्याले काहून ओयखत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉरमॅटआधी लायसन्स सोडवून घ्यायचं असतं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. रविवार होता, कंपनीचा फोन लागला नाही. दिवसभर हातानं पावत्या फाडल्या. कापूस घेऊन आलेली माणसं पहाटेपासून उपाशी बसली होती, ते मी विसरलेलो नाही. सोमवारी फोन लागला आणि पाऊण तासात काम झालं, एक रुपयाही न भरता.

आता तुमचं. सगळ्यात आधी कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बघा. वर्ष मागं गेलेलं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. आपल्याकडे लाइन सारखी जाते, आणि सेल संपलेला असला की लाइन गेल्याबरोबर घड्याळ मागं जातं. तारीख चुकली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही आणि सॉफ्टवेअर 'इंटरनेट तपासा' म्हणत बसतं. पुष्कळदा एवढ्या सेलपायी लोक मोबाइलची रेंज शोधत गच्चीवर चढतात.

मग सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का ते पाहा. त्या माणसानं ड्राइव्ह न पुसता विंडोज टाकली असेल तर जुन्या फायली त्यात पडून असतात. ते फोल्डर दहा दिवसांनी आपोआप पुसलं जाऊ शकतं, म्हणून आज रात्रीच अख्खं पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. हे मी लायसन्ससाठी सांगत नाही. लायसन्स परत मिळेलच, पण लोकांची उधारी, स्टॉक, मागच्या वर्षीची बिलं सी ड्राइव्हमध्येच होती आणि बॅकअप नसेल, तर ती कोणतीही कंपनी परत देणार नाही. फोल्डर नसेल आणि डेटाही गेला असेल तर त्या मशीनवर काही नवीन टाकू नका, ती बंद ठेवा. फिरत्या हार्ड डिस्कवरून डेटा काढता येण्याची बरीच शक्यता असते, एसएसडीवरून (न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कवरून) फार कमी.

यानंतर कंपनीला फोन. नंबर जुन्या बिलावरचा घ्या किंवा सॉफ्टवेअरच्याच मदतीच्या पानावरचा. गुगलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका, तिथं ठगांचे नंबरही असतात. स्क्रीन बघायला दिली तरी बँकेचा ओटीपी कोणाला सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा. फोनवर सरळ सांगा: 'मशीन तीच आहे, विंडोज नव्यानं टाकली, जुनं ॲक्टिव्हेशन रीसेट करून द्या.' रीसेट हा शब्द वापरा, त्यांना लगेच समजतं. सिरियल नंबर आणि खरेदीचं बिल हाताशी ठेवा.

खरी अडचण इथं येते, आणि गावाकडे ती फार मोठी आहे. ते म्हणतात, नोंदणी असलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय. तो मोबाइल कोणाचा? सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या पोराचा. त्यानं घाईत स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकलेला असतो, नंतर तो पुण्याला कामाला निघून जातो. माल तुमचा, पैसे तुमचे, पण चावी दुसऱ्याच्या खिशात. असं निघालं तर घाबरू नका. दुकानाच्या लेटरहेडवर अर्ज लिहा: सिरियल नंबर, खरेदीची तारीख, जुना नंबर काढून माझा नंबर आणि ईमेल लावावा. सोबत बिलाची आणि जीएसटी नोंदणीची प्रत जोडा, सही-शिक्का मारा, ईमेलनं पाठवा. बिल दुकानाच्या नावाचं असेल तर हक्क तुमचाच आहे, तो ठामपणे मागा. बिलच नसेल तर ज्याच्याकडून घेतलं त्या विक्रेत्याला गाठा, त्याच्या नोंदीत ते सापडू शकतं.

तुमच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक (पेन ड्राइव्हसारखी दिसणारी चावी) असेल तर यातलं काहीच लागत नाही. लायसन्स त्या लॉकमध्येच असतं, फक्त त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते लॉक ओळखू देणारं छोटं सॉफ्टवेअर, नव्यानं टाका.

विंडोजही 'ॲक्टिव्हेट करा' म्हणत असेल तर तो वेगळा मुद्दा. विंडोज १० पासून लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं राहतं, त्यामुळे मदरबोर्ड तोच असेल तर इंटरनेट लावल्यावर ते आपोआप चालू व्हायला हवं. होत नसेल तर आवृत्ती तपासा. मशीन बऱ्याचदा 'होम सिंगल लँग्वेज' घेऊन आलेली असते आणि आपल्याकडचे लोक सरसकट 'प्रो' टाकतात, मग जुनं लायसन्स तिला लागू होत नाही. आणि 'दर सहा महिन्यांनी पुन्हा करावं लागतं' असं त्या माणसानं सांगितलं असेल, तर त्यानं बहुधा १८० दिवसांची चोरवाट लावून दिली आहे.

क्रॅकबद्दल. त्या फायली चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे गावातल्या दीडशे घरांची उधारी ज्या मशीनमध्ये आहे, तिचा राखणदार आपणच घरी पाठवायचा. त्यातून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर वही संपली. पकडलं गेल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब मध्ये कमीत कमी सात दिवसांची कैद लिहिलेली आहे. विकत घेतलेलं लायसन्स असताना हे कशाला?

तोवर दुकान बंद ठेवू नका. खताचं पॉस मशीन वेगळं आहे, त्याला या भानगडीचा काही त्रास नाही. बियाण्यासाठी छापील बिलबुक काढा आणि प्रत्येक बिलावर वाण आणि लॉट नंबर लिहा. बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्याच्या हातात तेवढंच एक बिल असतं. सॉफ्टवेअर चालू झालं की ही बिलं ज्या त्या दिवसाच्या तारखेनं चढवून टाका.

आणि पुढच्या वेळी मशीन उघडायच्या आधी सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या पानावर 'सरेंडर' किंवा 'डीॲक्टिव्हेट' शोधा. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सरेंडर असतं. ते दाबलं की कंपनीच्या वहीतली जुनी नोंद मोकळी होते, मग खुशाल फॉरमॅट मारा.

विंडोज टाकताना त्या माणसानं जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली का, हे त्याला विचारा आणि इथं कळवा. बसवली असेल तर जुनी डिस्क त्याच्याकडून आधी परत मागून घ्या. तुमचा सगळा डेटा अजून तिच्यातच असेल.