एसीचा गॅस संपत नाही, गळतो : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हाळ्याच्या तोंडावर घरगुती एसीबद्दल आलेल्या पत्रांत तक्रारी वेगवेगळ्या असल्या, तरी बहुतेकांचे मूळ दोनच ठिकाणी आहे. एक तर यंत्र बसवताना घाई झालेली असते, किंवा बिघाडाचे कारण न शोधताच पैसे घेतले गेलेले असतात. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आमच्या दीड टनाच्या स्प्लिट एसीत गेली तीन वर्षे दर एप्रिलमध्ये गॅस भरावा लागतो. ‘गॅस वापरला जातो, दरवर्षी थोडा टाकावाच लागतो,’ असे मेकॅनिक सांगतो. हे खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हे खरे नाही. एसीतला गॅस हा स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅससारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, बाहेरची कॉईल, कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (द्रवाचा दाब एकदम उतरवणारा अरुंद भाग) आणि आतली कॉईल अशा पूर्ण बंदिस्त वाटेने तोच तो गॅस फिरत राहतो. आतल्या कॉईलमध्ये द्रवाची वाफ होताना तो खोलीतील उष्णता शोषून घेतो आणि बाहेरच्या कॉईलमध्ये वाफेचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर टाकतो. वाट खरोखर बंदिस्त असेल तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. म्हणून तीन वर्षांत तीनदा गॅस भरावा लागला याचा अर्थ एकच निघतो : आपल्या यंत्रात गळती आहे आणि ती तीनही वेळा तशीच सोडून देण्यात आली.

गळती शोधणे हे वाटते तितके अवघड नसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरत असते. त्यामुळे जिथून गॅस झिरपतो तिथे तेलाचा पुसट ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून काळपट कडे तयार होते. सर्वांत आधी पाहायची जागा म्हणजे तांब्याच्या पाइपांची टोके जिथे पितळी नटांनी जोडलेली असतात ते फ्लेअरचे जोड : दोन बाहेरच्या युनिटपाशी आणि दोन आतल्या युनिटच्या मागे. त्यानंतर आतल्या कॉईलच्या कडेचे इंग्रजी ‘यू’ आकाराचे वळण-पाइप तपासावेत. बाहेरच्या युनिटमध्ये थरथरीमुळे पाइप पत्र्याला किंवा दुसऱ्या पाइपाला घासत असेल, तर तीही जागा पाहावी. संशयित जोडावर साबणाच्या पाण्याचा फेस लावल्यावर जर एखादा बुडबुडा सावकाश फुगत फुगत मोठा होऊ लागला, तर दोष सापडला असे समजावे. गळती फार बारीक असेल तर उरलेला गॅस काढून घेऊन पाइपांत नायट्रोजन दाबाने भरतात आणि गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा काही तास उतरतो का ते पाहतात. या चाचणीसाठी नायट्रोजनच वापरायला हवा. वेल्डिंगचा ऑक्सिजन भरण्याचा प्रयत्न कोणी करत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवावे, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

गळती बंद केल्यावर पाइपांतील हवा व्हॅक्यूम पंपाने पूर्ण काढावी आणि मगच नवा गॅस भरावा. तोही वजनकाट्यावर मोजून भरायला हवा. किती ग्रॅम गॅस लागतो हे बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर छापलेले असते. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्यामुळे गेजवरचा दाबही बदलत राहतो, आणि नुसत्या काट्याकडे पाहून भरलेला गॅस कमी किंवा जास्त होण्याची शक्यता मोठी असते. पट्टीवर जो गॅस लिहिला आहे तोच भरायचा, ही अट मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. जुन्या, आर-२२ नावाच्या गॅसवर चालणाऱ्या यंत्रात ‘स्वस्तात चालून जाईल’ म्हणून आर-२९० भरून देणारे भेटतात. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. तो वायू त्याच्यासाठीच बनवलेल्या यंत्रात चांगले काम करतो, परंतु इतर यंत्रात भरल्यास घरात आगीचा धोका आणून ठेवतो. आज सर्वाधिक दिसणारा आर-३२ हाही सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे गॅसचे काम चालू असताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी.

गळतीची आणखी एक बाजू आपल्या बिलात दिसत नाही. आर-३२ ओझोनला इजा करत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो हवेत गेला तर तापमानवाढीच्या दृष्टीने तो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. थोड्या जुन्या यंत्रांतील आर-४१०ए साठी हाच आकडा २,००० च्या वर जातो. आपल्या घरून तीन वर्षे हाच गॅस हवेत जात आहे. तेव्हा या वेळी मेकॅनिकला ‘गॅस भरा’ असे न सांगता ‘गळती शोधा आणि ती जागा मला दाखवा’ असे सांगावे, आणि त्या शोधाला लागणाऱ्या वेळाची मजुरी मनापासून द्यावी. त्या वेळाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, म्हणूनच मेकॅनिक शोध टाळून गॅस भरून मोकळा होतो.

प्रश्न : नवीन घरात एसी बसवायचा आहे. शेजाऱ्यांकडे अर्ध्या तासात फिटिंग झाले. बसवताना आम्ही नेमके काय पाहावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भिंतीला आरपार भोक पाडणे, पाइप ओढणे, बाहेरचे स्टँड पक्के करणे आणि व्हॅक्यूम करणे एवढे सारे अर्ध्या तासात नीट होत नाही. घाईत सर्वांत आधी व्हॅक्यूमच गाळले जाते. पाइपांतील हवा काढण्यासाठी यंत्रातलाच थोडा गॅस सोडून ‘हवा ढकलून दिली’ असे सांगितले जाते. त्यातून गॅस तर वाया जातोच, शिवाय पाइपांच्या आतील बाष्प तिथेच राहते. आर-३२ किंवा आर-४१०ए च्या यंत्रांतील तेल बाष्प चटकन शोषते आणि कालांतराने त्यातून आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगची हानी करते. दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर जळतो, तेव्हा त्याचा संबंध फिटिंगच्या दिवसाशी जोडणे कोणालाच सुचत नाही. म्हणून पंप आणला आहे का हे दारातच विचारावे. तो साधारण वीस मिनिटे चालवून बंद केल्यावर गेजचा काटा काही मिनिटे जागचा हलत नाही हे स्वतः पाहावे आणि त्यानंतरच बाहेरच्या युनिटचे व्हॉल्व्ह उघडू द्यावेत.

बाहेरच्या युनिटची जागा निवडताना त्याची गरम हवा मोकळी बाहेर फेकली जाईल आणि तीच पुन्हा आत ओढली जाणार नाही एवढे पाहावे. डक्टमध्ये किंवा चारही बाजूंनी बंद ग्रिलमध्ये कोंडलेले युनिट कितीही तारांकित असले तरी वीज खाते. पाइप मुळात आखूड हवा, कारण कारखान्यात भरलेला गॅस ठरावीक लांबीपुरताच असतो आणि त्याहून लांब पाइपासाठी माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे मीटरमागे जादा गॅस भरावा लागतो. दोन्ही पाइपांवर स्वतंत्र फोम हवा. ड्रेन पाइपला सलग उतार हवा, मध्ये कुठेही चढ नको. विजेसाठी बोर्डापासून वेगळी तार, वेगळा एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि खरे अर्थिंग असावे. दिव्यांच्या लाइनवरून काढलेल्या सॉकेटवर दीड टनाचा एसी चालवू नये. ‘इन्व्हर्टर आहे, स्टॅबिलायझर नको’ हे अर्धसत्य आहे. अशी यंत्रे कमी-जास्त दाब बऱ्याच मर्यादेपर्यंत पेलतात, परंतु आपल्या भागात व्होल्टेज त्या मर्यादेबाहेर जात असेल तर पीसीबी, म्हणजे यंत्रातले इलेक्ट्रॉनिक सर्किट, वाचवण्यासाठी स्टॅबिलायझर घ्यावाच.

काम संपल्यावर फिटिंगचा अहवाल, तारखेसह, लेखी घ्यावा. वॉरंटीचा वाद उद्भवल्यास तोच उपयोगी पडतो. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा असतो.

प्रश्न : घर समुद्रापासून जवळ आहे. बाहेरच्या युनिटच्या जाळ्या हाताने चुरगळून पडतात. उपाय काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : खारट दमट हवेत तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या फिन (आपण म्हणता त्या जाळीच्या पातळ पट्ट्या) एकमेकांना चिकटून असल्या, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. आपण पाहता तो पांढरा भुगा हा त्याचाच परिणाम आहे. चुरगळलेल्या फिन पुन्हा उभ्या राहत नाहीत. नुकसान फार झाले असेल तर बाहेरची कॉईल बदलणे हाच उपाय उरतो. नवी कॉईल घेताना गंजरोधक लेप दिलेली घ्यावी आणि शक्य असल्यास युनिट समुद्राकडील भिंतीवरून काढून घराच्या आडोशाच्या बाजूला न्यावे. पावसाळा सोडून इतर महिन्यांत वीजपुरवठा बंद करून, गोड्या पाण्याने, हलक्या दाबाने कॉईल धुण्याची सवय ठेवावी. तीव्र आम्लाची फवारणी करून कॉईल ‘चकाचक’ करून देण्याचा आग्रह कोणी धरला, तर तो मान्य करू नये.

कोकणात कॉईलइतकेच स्टँड तपासायला हवे. रंग दिलेले साधे लोखंडी स्टँड वरून ठीक दिसते, पण बोल्टच्या भोकापाशी आतून पोखरलेले असते. त्यावर तीस-चाळीस किलोचे युनिट असते आणि खाली माणसे वावरतात. गॅल्व्हनाइज्ड स्टँड आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत. पावसाळ्यात यंत्र बंद असताना त्यावर प्लॅस्टिक गुंडाळू नये, कारण आत दमटपणा कोंडतो. बाहेरच्या पीसीबीत पाल किंवा मुंग्या शिरून शॉर्ट होणे हाही आपल्याकडचा नेहमीचा बिघाड आहे, तेव्हा तारांच्या शिरण्याच्या जागा बंद करून घ्याव्यात.

प्रश्न : गच्चीखालच्या खोलीत दीड टनाचा एसी मे महिन्यात दुपारी चालतच नाही असे वाटते. सोळावर ठेवूनही उपयोग होत नाही. सोबत कूलर लावावा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कूलर सोबत लावू नये. कूलर हवेत बाष्प सोडतो आणि एसीला तेच बाष्प काढण्यासाठी शक्ती खर्चावी लागते. विदर्भाच्या कोरड्या उन्हात कूलर उत्तमच, पण तो खिडक्या उघड्या ठेवून, एकटा.

एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजलेली असते. बाहेर ४५ अंश असेल, तर क्षमता घटते आणि विजेचा ओढा वाढतो; हा आपल्या यंत्रातला बिघाड नव्हे. ज्या यंत्राला २४ गाठता येत नाही, त्याला १६ गाठायला सांगून काही साधत नाही. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींमध्ये सुरुवातीचे तापमान २४ ठेवणे बंधनकारक झाले आहे, आणि त्यावरील प्रत्येक अंशाला साधारण ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आपण आधी फिल्टर आणि बाहेरची कॉईल धुऊन घ्यावी, गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुन्याचा लेप द्यावा, आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करावी. माझ्या मते तापलेल्या स्लॅबवर केलेला खर्च मोठ्या एसीवरील खर्चापेक्षा अधिक काळ उपयोगी पडतो.

प्रश्न : जून लागला की आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळते. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभराहून अधिक पाणी काढू शकतो. ड्रेन पाइपमध्ये शेवाळासारखा चिकट थर साचला, पाइपला मध्ये झोळ पडला किंवा त्याचे टोक बादलीतील पाण्यात बुडाले, की पाणी मागे येते. हे तिन्ही आधी पाहावे. कॉईलवर बर्फ दिसत असेल, तर यंत्र बंद करून फिल्टर तपासावा. स्वच्छ फिल्टर असूनही बर्फ धरत असेल तर पहिल्या उत्तरातील गळतीची शक्यता तपासून घ्यावी.

प्रश्न : वार्षिक देखभाल करार घ्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : करारात गॅस, पीसीबी, पंख्याची मोटर आणि कॉईल यांपैकी काय समाविष्ट आहे हे लेखी मिळाले, तरच घ्यावा. केवळ धुलाईचा करार असेल तर त्याची किंमत दोन सुट्या सर्व्हिसिंगच्या दराशी ताडून पाहावी. कॉम्प्रेसरला कंपनीची पाच किंवा दहा वर्षांची वॉरंटी चालू असताना त्याच भागासाठी पुन्हा पैसे भरू नयेत.

प्रश्न : आमचे बाहेरचे युनिट सातव्या मजल्याच्या बाह्य भिंतीवर आहे. मेकॅनिक पट्ट्याशिवाय ग्रिलबाहेर उतरतो. आम्ही काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काम थांबवावे. ‘सवय आहे’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण हात घामाने ओले असतात, पाना जड असतो आणि पाय ठेवायला बहुधा गंजलेले स्टँडच असते. संपूर्ण शरीराला बांधणारा सुरक्षा पट्टा, तो अडकवण्यासाठी घरातील पक्का आधार आणि आत उभा असलेला दुसरा माणूस, एवढे असल्याशिवाय कोणालाही बाहेर उतरू देऊ नये. सोसायटीने दोन पट्टे विकत घेऊन कार्यालयात ठेवणे आणि गच्चीच्या कठड्यालगत आरसीसीमध्ये अडकवण्याचे हूक बसवून घेणे हा खर्च एका सर्वसाधारण सभेत मंजूर होण्याजोगा आहे. पुढच्या वेळी यंत्र बदलाल तेव्हा बाहेरचे युनिट बाल्कनीच्या आत किंवा कोरड्या सज्जावर, उभे राहून हात पोहोचेल अशा जागी घ्यावे, त्यासाठी पाइप दोन मीटर लांबला तरी चालेल.